घुंगरं ऐकू नका, खांब बघा

चांदणी नावाच्या घोडीवर अन्याय झाला. कधी, म्हणून विचाराल, तर १९७७ सालच्या अक्षय तृतीयेला, दुपारच्या मुहूर्ताला थोडाच अवकाश असताना, सोलापुरात, रेल्वेच्या पुलाच्या चढावर. ज्यांची ती घोडी, ते गफूरचाचा एकटे अपराधी नव्हते. ज्यांच्या हातात शेवटी चाबूक होता, ते वैरागचे बापूरावही एकटे नव्हते. मी सगळ्यांची नावं घेणार आहे, आणि त्यांत वाचकहो, तुमचंही येणार आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून फसवलं म्हणायला नको.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी कळवलं होतं, "नालबंदाच्या दुकानातल्या गमतीजमती लिहा, अंक खुसखुशीत होईल." गमती आहेत की. वरातीचा घोडा घेऊन येणारा एक बँडवाला लग्नसराई आली की मला बजावतो, "मल्लू, नाल असा ठोक की डांबरावर टाप वाजली पाहिजे. मागच्या खेपेला नवरदेव म्हणाला, घोडा चोरासारखा चालतोय." दुसरा एक भुसार व्यापारी आपल्या म्हाताऱ्या घोड्याच्या भुवयांवरचे पांढरे केस काजळानं काळे करून आणायचा. एकदा नाल ठोकताना घोड्याला घाम सुटला, काजळ गालावरून ओघळलं, आणि घोडा रडतोय असं वाटून शेजारचा पानवाला पाण्याची बादली घेऊन धावत आला.

हसून झालं असेल तर पुढं वाचा.

माझं वय आठवणी लिहायचं नाही. तिशी अजून लांब आहे. पण माझ्या धंद्याचं वय झालंय. रिक्षा आल्या, टांगे चालले. नालबंदाच्या आठवणी लिहायला मी म्हातारा होईपर्यंत थांबलो तर वाचणाऱ्याला नाल म्हणजे काय इथपासून सांगावं लागेल. हात लिहिता झाला तो मिलच्या संपात, भिंतीवर चिकटवायची पत्रकं लिहून. तेव्हापासून टांगा अड्ड्यावर मला मल्लू कमी आणि 'पत्रक' जास्त म्हणतात. "ए पत्रक, चहा घेतो का?" मी घेतो. नावाला लाजायचं कारण नाही.

आमचं दुकान एस. टी. स्टँडाजवळच्या टांगा अड्ड्याला लागून. पत्र्याचं छप्पर, ऐरण, भाता, कानस, पक्कड, आणि एक बाक. बाकावर माझे वडील, अप्पा. त्यांचे हात आता थरथरतात म्हणून खिळा मी मारतो. अड्ड्याच्या टोकाला एक जुना कडुलिंब आहे. या कडुलिंबाशी एक रीत बांधलेली आहे, आणि माझी सगळी तक्रार त्या रीतीबद्दल आहे.

टांग्याच्या घोड्याच्या गळ्यात घुंगुरमाळ असते, ती तुम्ही पाहिली आहे. घोडा उतरणीला लागला की मालकानं ती माळ सगळ्या अड्ड्यासमोर काढायची, आणि त्या दिवसापासून घोडा कडुलिंबाखाली उभा करायचा. त्यानं मग दोनच माणसं न्यायची. जवळची आणि सपाटीवरची. नवी पेठ, टिळक चौक, फार तर सिद्धेश्वराचं देऊळ. पूल नाही, ट्रंका नाहीत. जवळचं भाडं आलं की रांगेतल्या तरण्या घोड्यांनी ते झाडाखालच्याला सोडायचं. गळ्यात घुंगरं नाहीत म्हणजे हा सावकाश जाणार, हे गिऱ्हाइकाला न बोलता कळायचं. ही रीत कुठं लिहिलेली नाही. माझ्या आजोबांच्या आधीपासून चालत आलेली.

माळ कधी काढायची हे नालबंद सांगायचा, कारण खूर त्याच्या मांडीवर येतो. अप्पा खूर हळूच खाली ठेवायचे आणि मालकाकडे बघून कानडीत एकच शब्द म्हणायचे, "साकु." म्हणजे पुरे. आमच्या घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालतात, पण अड्ड्यावरच्या उर्दू बोलणाऱ्या टांगेवाल्यांनाही तो एक शब्द पाठ होता. अप्पांनी साकु म्हटलं की माणूस दोन दिवस जेवायचा नाही, पण माळ काढायचा.

आता कळतं कसं, ते सांगतो. लोकांना वाटतं दात बघितले की झालं. दात घोड्याचा जन्म सांगतात, दम सांगत नाहीत. दम बघायचा तर घोडा अड्ड्यावर परत आल्यावर त्याच्या बरगड्या बघा. शेजारचे घोडे वैरणीला लागले आणि ह्याच्या कुशी अजून भात्यासारख्या हलताहेत, तर ऐका. उभा राहताना पुढचा एक पाय पुढं टेकवून ठेवतो, त्याच्यावर भार देत नाही, तर ऐका. मागच्या पायाचा नाल पुढच्या कडेला झिजलाय, म्हणजे पाय उचलला जात नाही, घासत येतो. पायांत दुखणं असलेला घोडा पाऊल लांब टाकत नाही. आखूड टाकतो. आणि आखूड टाकतो म्हणून भराभर टाकतो.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. सगळं त्यातच आहे.

आणि हळू करायचं म्हणजे थांबवायचं नव्हे. एक दयाळू बाई एकदा दुकानात येऊन म्हणाल्या, "सोडून द्या हो त्या मुक्या जिवाला!" कुठं सोडून द्या? बाजारात, भाजीच्या देठांवर? वर्षानुवर्षं पळालेला घोडा एकदम खुंट्याला बांधला तर त्याचे सांधे धरतात, आतडं बिघडतं, महिन्यात आडवा होतो. नातेपुत्याचे एक शेतकरी दरसाल सोलापुरात पाहुण्यांकडे आले की बसायचा घोडा माझ्याकडे आणतात. घोडा म्हातारा, पण ठणठणीत. त्यांना विचारलं तर म्हणाले, "आरं, मी म्हातारा झालो तवा मला कुनी खाटंला बांधलं न्हाय. चढ आला की मी खाली उतरतो. दोगं बी चालतो. गप्पा मारत जातो की." घोडा काय गप्पा मारतो, विचारलं. म्हणाले, "त्यो ऐकतो. घरात तेवढंबी कुनी करत न्हाय."

हे असं असतं. थोडं आधी, थोडं थोडं. गफूरचाचांनी एवढंच करायचं होतं.

चांदणी तांबडी घोडी, कपाळावर पांढरा ठिपका. चाचांनी तिला शिंगरू असताना घेतली आणि अड्ड्यावर वाढवली. तिच्या गळ्यातली माळ सगळ्यांत थोर होती. पितळी घुंगरं, चाचा ती चिंचेनं घासायचे, आणि त्यांचा आवाज स्टँडाच्या आतल्या फलाटापर्यंत जायचा. गिऱ्हाईक एस. टी.तून उतरायचं ते त्या आवाजाकडे तोंड करूनच. चाचांजवळ चाबूक होता, लाल गोंड्याचा, पण तो टांग्याच्या कडीत शोभेला खोचलेला. चांदणीच्या अंगाला तो कधी लागला नाही. हे मी त्यांच्या बाजूनं लिहितो, कारण खरं आहे.

आणि त्यांच्याविरुद्ध लिहितो तेही खरं आहे. चाचा घोडी कानानं ओळखायचे. घुंगरं जलद वाजली की घोडी जोमात. गेल्या वर्षा-दोन वर्षांत घुंगरं अधिकच जलद वाजायला लागली, तसे चाचा सगळ्यांना सांगत सुटले, "उमर बढती, वैसी जवान होरी मेरी चांदणी!" अख्खा अड्डा माना डोलवायचा. घोड्यांमध्ये जन्म काढलेली ही माणसं, आणि एकाच्याही ध्यानात येईना की पाऊल आखूड पडतंय म्हणून घुंगरं घाई करताहेत. नवख्या माणसाची ही चूक झाली नसती. त्यानं रस्ता बघितला असता. ही चूक घुंगरांत कान मुरलेल्यांचीच.

संक्रांतीची यात्रा आटोपल्यावर चाचा नाल बदलायला आले. मागच्या पायाचा जुना नाल काढला. पुढची कड कागदासारखी झिजलेली, टाचेकडं जसाच्या तसा. अप्पांच्या हातात दिला. अप्पांनी अंगठा फिरवला, चांदणीकडे बघितलं आणि म्हणाले, "साकु, गफूर."

चाचा हसले. "अप्पा, तुमारे हाताँ कापते. अंगूठेकू क्या मालूम पडता?"

मी म्हणालो, "माझे हात कापत नाहीत. मीही तेच म्हणतो."

"तू चुप रे पत्रक. तू तो मेरेकू बी बुड्ढा बोलेगा."

"तुम्ही टांगा ओढत नाही, चाचा."

ते त्यांना लागलं. चांदणीला घेऊन निघाले, आणि मुद्दाम अड्ड्याला एक फेरी मारली. घुंगरं झणझणली. दोन-तीन टांगेवाले म्हणाले, "वा, चाचा!" मी पाऊल बघत होतो. पाऊल वितीएवढं.

मी विषय टांगेवाल्यांच्या बैठकीत काढला. ही रीत आहे, तर पाळा. झाडाखालच्या घोड्यांना जवळची भाडी सोडा, म्हणजे मालक माळ काढायला भिणार नाही. मग इस्माईल नावाचा टांगेवाला उठला. त्यानं आपल्या घोड्याची माळ आदल्या पावसाळ्यात काढली होती. तो मराठीत सावकाश बोलतो. म्हणाला, "मल्लू, भाडं सोडायला हे तयार आहेत. पण गिऱ्हाईक बसत नाही. बाई येते, माझा घोडा बघते, आणि नवऱ्याला म्हणते, 'हा नको हो, तो घुंगरांचा बघा.' मी रोज ऐकतो."

खाली बसला. बैठक तिथंच मोडली.

मी पत्रक काढलं. मथळा होता, 'घोडा पडेपर्यंत वाट बघणार काय?' स्टँडावर वाटलं, प्रवाशांच्या हातांत दिलं. चांदणीचं नाव त्यात नव्हतं, पण अड्ड्याला कळायचं ते कळलं. चाचांनी ते पत्रक घेतलं, त्यात मूठभर हरभरे ठेवले आणि चांदणीला चारले. तिनं हरभऱ्यांबरोबर कागदही खाल्ला. "देख," चाचा ओरडले, "पढके खाई!" अड्डा हसून लोळला. मीही हसलो असेन. चांदणी मात्र पुढचा पाय टेकवून उभी होती.

अक्षय तृतीया आली. त्या दिवशी शहरात कार्यालयं कमी आणि लग्नं जास्त. सोलापूरचं वैशाखातलं ऊन मी सांगायला नको. डांबर मऊ पडलं होतं. तरणे घोडे सकाळपासून वऱ्हाडांना गेलेले, रिक्षा ठरवलेल्या. अड्ड्यावर उरले दोघे. झाडाखाली इस्माईलचा घोडा आणि रांगेत चांदणी.

वैरागची एस. टी. वाटेत टायर फुटून उशिरा लागली. तिच्यातून बापूराव उतरले. गोंड्याचा फेटा, कडक इस्त्रीचं धोतर. बरोबर बायको, म्हातारी आई, एक लोखंडी ट्रंक आणि रुखवताची टोपली. बापूराव नवरीचे मामा. आपल्याकडे मामा नवरीला बोहल्यापाशी आणतो आणि तिच्या पाठीशी उभा राहतो. मामा आल्याशिवाय अंतरपाट धरत नाहीत. म्हणजे माणूस थोडा घाईत होता असं नव्हे, तो पेटलेला होता.

"टांगा! पुलापल्याडचं कार्यालय! बिगी बिगी!"

इस्माईल म्हणाला, "साहेब, दोन माणसं नेतो. पुलापर्यंत. पूल तुम्ही चालत जा, पलीकडे कार्यालय दिसतंच."

बापूरावांनी घोड्याकडे बघितलं. "ह्येच्या गळ्यात तर काय बी न्हाय. आजारी हाय व्हय?" तेवढ्यात चांदणीनं मान हलवली. घुंगरं वाजली. "ह्यो बगा की! ह्यो चांगला हाय."

मी हातातली कानस घेऊन बाहेर आलो. "चाचा, पूल आहे."

"मालूम है."

"तिघं आणि ट्रंक आहे."

"शादी का घर है रे. लोगाँ खोळंबले." चाचांनी ट्रंक स्वतः चढवली. माझ्याकडे बघितलं नाही.

मी कानस टाकली, सायकल काढली आणि टांग्याला लागून निघालो. बापूरावांना हा काय प्रकार कळेना. "तुज्या घरचं लगीन हाय का रं?"

"मी नालबंद आहे. ही घोडी उतरणीची आहे. पुलाशी तुम्ही खाली उतरा, एवढंच सांगायला आलोय."

सपाटीवर चांदणी पळाली. झण झण झण झण. बापूराव मांडीवर थाप मारून म्हणाले, "पळतीया की रं! म्हातारी म्हनं! माज्या बायकूपरीस जोरात हाय." त्यांच्या बायकोनं पदरात तोंड घालून त्यांना कोपरानं ढोसलं. चाचांनी वळून मला डोळा मारला. मला तेव्हा काय वाटलं ते छापण्याजोगं नाही.

चढ सुरू झाला. रेल्वेच्या पुलाचा चढ दुरून दिसत नाही. ओढणाऱ्याला कळतो.

"उतरा," मी म्हणालो. "बायकांना बसू द्या. तुम्ही उतरा आणि मागनं हात लावा."

"नवरीचा मामा हाय मी! घामेजून, फ्येटा सोडून बोहल्याम्होरं हुबा ऱ्हाऊ?"

म्हातारी म्हणाली, "बापू, मी उतरते की."

"तू बस, आये. तुला चालवत न्हेली आन मी बसून आलो तर पावणं थुंकतील तोंडावर."

"मग तू उतर."

"आये, गप."

घुंगरं आणखी जलद झाली. चांदणीच्या कुशी आत-बाहेर होत होत्या, मानेखाली फेस आला होता, मागचे खूर डांबरावर घासत येत होते. ती घासण्याची करकर घुंगरांखाली बुडून जात होती. मी सायकलवरून उतरलो होतो. चालत होतो. आणि तरी टांग्याच्या बरोबर होतो! कुणाच्या हे लक्षात येत नव्हतं.

"घुंगरं ऐकू नका," मी ओरडलो. "तो विजेचा खांब बघा! खांब जवळ येतोय का सांगा!"

सगळ्यांनी खांबाकडे बघितलं. झण झण झण झण, आणि खांब तिथल्या तिथं. म्हातारीच्याच तोंडून पहिल्यांदा निघालं, "आगं बया. खांब येतच न्हाय की."

मी चाचांचं तोंड बघितलं. माणसाला आपल्याच घरात चोर दिसावा तसं झालं होतं ते. त्यांनी लगाम आवळला नाही, नुसता धरला, आणि दबक्या आवाजात म्हणाले, "उतरो. सब उतरो."

म्हणाले ते. त्यांनी म्हटलं. हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

आणि त्याच वेळी पुलापलीकडच्या कार्यालयाचा कर्णा बोलला, "नवरीचे मामा बापूराव जिथं कुठं असतील तिथून ताबडतोब मांडवात यावं."

बापूरावांनी कडीतला लाल गोंड्याचा चाबूक ओढून घेतला आणि चाचांच्या खांद्यावरून चांदणीच्या पाठीवर हाणला. एकच.

ज्या जनावराला चाबूक माहीत नाही ते चाबकानं पळत नाही. उडतं. चांदणी उडाली. मागचा खूर मऊ डांबरात अडकला, पुढचे पाय दुमडले आणि ती दोन्ही गुडघ्यांवर आली. टांगा पुढं कलंडला. म्हातारी घसरत माझ्या अंगावर, ट्रंक रस्त्यावर, रुखवताचे लाडू उतारावरून खाली.

माणसांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. हे वर्तमानपत्रात आलं असतं तर एवढंच आलं असतं.

पडलेला घोडा धडपडला की स्वतःचं हाड मोडून घेतो, म्हणून आधी त्याची मान धरायची. मी मानेवर बसलो. चाचांनी आपला डोक्याचा रुमाल काढून तिच्या गालाखाली घातला, डांबर भाजत होतं. कापसाच्या सुताची गाठोडी घेऊन चाललेला एक विणकर थांबला, तेलुगूत काहीतरी म्हणत त्यानं गाठोडं तिच्या गुडघ्यांखाली सरकवलं. त्याचं पांढरं सूत लाल झालं. आम्ही पट्टे सोडले, टांगा मागं ओढला.

चांदणी निपचित पडली होती, आणि घुंगरं वाजत होती. मान थरथरत होती म्हणून. बारीक, सारखी, थांबेचनात. त्या आवाजाइतका खोटारडा आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

चाचांनी माळेची गाठ सोडली. मला हात लावू दिला नाही. माळ काढून बाजूला ठेवली आणि चांदणीच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "साकु, बेटी. साकु." कानडीतला त्यांना येणारा एकुलता एक शब्द.

बापूराव चाबूक धरून तसेच उभे. कर्णा पुन्हा त्यांचं नाव घेत होता. म्हातारी उठली, पदर झटकला, आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "त्यो चाबूक ठिव खाली. ह्या पोराची सायकल घे आन जा. पोरगी खोळंबलीया. तिनं काय केलंय?"

मला सायकल द्यायची नव्हती. पण म्हातारीचं बरोबर होतं. नवरीनं काही केलं नव्हतं. दिली.

गुरांचे डॉक्टर आले. हाड वाचलं, म्हणाले, पण ओढणं संपलं. संध्याकाळी चाचांच्या घरासमोर आम्ही चांदणीच्या गुडघ्यांना पट्ट्या बांधत बसलो होतो, तेव्हा बापूराव सायकल हातात धरून चालत आले. बसून नाही आले. फेटा नव्हता. दुसऱ्या हातात एक वाटी.

"हळद हाय," ते चाचांना म्हणाले. "भाचीनं धाडलीया. तिला लावून उरल्याली. म्हनली, घोडीच्या गुडघ्याला लावा."

चाचांनी वाटी घेतली. मी वर बघितलं नाही. बापूराव माझ्यापाशी येऊन थांबले. "काय तरी बोल की, बाबा. शिव्या दे."

मी म्हणालो, "पुलाशी खाली उतरला असतात तर पायीसुद्धा वेळेवर पोचला असतात."

"व्हय," ते म्हणाले. "सायकल चढावर आली तवाच कळलं. कार्यालय म्होरंच हाय." तसेच वळले आणि गेले.

चांदणी आहे. गुडघ्यांवर केस आले नाहीत, दोन टक्कल चट्टे आहेत. चाचा तिला रोज पहाटे सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी मोकळी चालवतात, कारण बांधून ठेवायची नाही हे ते आता मलाच शिकवतात. टांगा विकला. अड्ड्यावर गवताचे भारे घेऊन बसतात. वेळेवर माळ काढली असती तर चांदणी अजून काही वर्षं झाडाखाली उभी राहून दोघा-दोघांना टिळक चौकात सोडत असती, आणि चाचा टांग्यावर बसलेले असते. काहीजण म्हणतात, पत्रक काढल्यामुळे म्हातारा हट्टाला पेटला. म्हणोत. पत्रक वाचून पेटला तो एक माणूस दिसला यांना. ते वाचून ज्यांनी त्याच्याच पुडीत शेंगा खाल्ल्या ते शेकडो दिसले नाहीत.

माळ चाचांनी माझ्या दुकानात आणून टांगली. "जिसका जानवर थकेगा, उसकू दिखा," म्हणाले. मी दाखवतो. त्यानंतर दोघांनी आपल्या घोड्यांच्या माळा काढल्या. तिसरा कचरतोय. आणि तो का कचरतो हे मला माहीत आहे.

कारण एक गोष्ट मी अजून सांगितली नाही. त्या अक्षय तृतीयेला, वर्षातल्या सगळ्यांत गर्दीच्या दिवशी, इस्माईलचा बिनघुंगरांचा घोडा दिवसभर कडुलिंबाखाली उभा होता. ज्यानं रीत पाळली, ज्यानं खरं सांगितलं, त्याच्या टांग्यात एकही माणूस बसला नाही. त्या दिवशी स्टँडावर उतरलेले सगळे काही वैरागचे बापूराव नव्हते. सोलापूरचे होते, शिकलेले होते, दिवाळी अंक वाचणारे होते. त्यांना घुंगरं हवी होती.

आता नाव घेतलं तुमचं.

म्हणून, वाचकहो, हळहळू नका. चांदणीला हळहळीचा उपयोग नाही. या दिवाळीत पाहुण्यांकडे जायला स्टँडावर उतराल, तेव्हा वाजणाऱ्या टांग्याकडे पाठ करा. कडुलिंबाखाली जा. ज्याच्या गळ्यात काही नाही, त्याच्या टांग्यात बसा. दोघंच बसा. आणि पुलाचा चढ लागला, की टांगेवाल्यानं सांगायची वाट न बघता, फेटा असो, जरीची साडी असो, मुहूर्त असो, खाली उतरा.